अमेरिकेत गांजा ‘कायदेशीर’ होतो तेव्हा राज्य सरकार नेमकं काय करत असतं?

कोलोरॅडो राज्यातल्या परवानाधारक दुकानात मिळणारी गांजाची गमी, म्हणजे जेलीसारखी चघळायची वडी, जवळून पाहिली तर तिच्या प्रत्येक तुकड्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचा ठसा दिसतो. ठशात एक उद्गारचिन्ह आणि ‘टीएचसी’ ही तीन अक्षरं असतात. टीएचसी हा गांजातला नशा आणणारा मुख्य घटक. एका तुकड्यात तो १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही आणि अख्ख्या पाकिटात १०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. अस्वलाच्या, माणसाच्या किंवा फळाच्या आकाराची गमी बनवायला बंदी आहे. पाकिटावर ‘कँडी’ हा शब्द छापायलाही बंदी आहे.

यातले बरेचसे नियम पहिल्या दिवशी नव्हते. १ जानेवारी २०१४ रोजी तिथली दुकानं उघडली, तेव्हा १० आणि १०० हे आकडे कागदावर होते. पण एकाच कुकीत सहा-सात जणांची मात्रा भरून, एक मात्रा कुठे संपते याची कसलीही खूण न करता ती विकता येत होती. मार्च २०१४ मध्ये १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने तशी कुकी खाल्ली. वय २१ च्या आत असल्यामुळे ती त्याच्या मोठ्या मित्राने विकत घेतली होती. कुकीत सुमारे ६५ मिलिग्रॅम टीएचसी होतं. दुकानदाराने सहा तुकडे करून एकेक खायला सांगितलं होतं. मुलाने एक तुकडा खाल्ला, अर्धा-पाऊण तास काहीच जाणवलं नाही, म्हणून उरलेली कुकी एकदम संपवली. पुढच्या काही तासांत त्याचं वागणं बिघडत गेलं आणि चौथ्या मजल्यावरून उडी मारून त्याने जीव गमावला.

गांजा ओढला तर काही मिनिटांत चढतो, पण पोटातून गेला तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. पहिल्यांदा खाणाऱ्याला हे माहीत नसतं. फेब्रुवारी २०१५ पासून कोलोरॅडोने प्रत्येक मात्रा वेगळी बांधलेली किंवा स्पष्ट खूण केलेली असलीच पाहिजे असा नियम केला. तुकड्यावरचा ठसा २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आला, आकारांवरची बंदी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये.

‘गांजा कायदेशीर करावा की नाही’ यावर वाद खूप होतात, टीव्हीवर होतात, घरातही होतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मतदारांनी ‘हो’ म्हटल्यानंतर कुणीतरी बसून हे शेकडो कंटाळवाणे नियम लिहायचे असतात. माणसं वाचतात किंवा मरतात ती या नियमांमुळे.

कोलोरॅडोत नोव्हेंबर २०१२ मध्ये ५५ टक्क्यांच्या आसपास मतदारांनी राज्याच्या घटनेतली ६४ वी दुरुस्ती मंजूर केली. त्या वेळचे गव्हर्नर जॉन हिकनलूपर या प्रस्तावाच्या विरोधात होते. कौल आल्यावर मात्र त्यांनीच कृतिगट नेमला आणि वर्षभराच्या आत जगात कुणीच न लिहिलेली नियमावली तयार करायचं काम अंगावर घेतलं. त्याच दिवशी वॉशिंग्टन राज्यानेही (राजधानीचं शहर नव्हे, पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य) असाच कौल दिला होता. तेव्हा नक्कल करायला दुसऱ्या कुठल्या राज्याची वही समोर नव्हती.

वर बंदी, खाली परवाना

हे सगळं समजायला आधी एक विचित्र गोष्ट समजून घ्यावी लागते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात, १९७० च्या ‘कंट्रोल्ड सबस्टन्सेस ॲक्ट’मध्ये, गांजा हेरॉइनच्या रांगेत पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक बंदीच्या यादीत, टाकला गेला. कोलोरॅडोत दुकान उघडलं त्या दिवशीही केंद्राच्या लेखी तो गुन्हाच होता. मग राज्यं हे करतात तरी कशी?

उत्तर तिथल्या संघराज्याच्या रचनेत आहे. केंद्राला स्वतःचा कायदा करता येतो आणि स्वतःच्या माणसांकरवी तो राबवता येतो. पण राज्याच्या पोलिसांनी तो राबवावा, किंवा राज्याने आपल्या कायद्यातही तशीच बंदी ठेवावी, अशी सक्ती केंद्राला करता येत नाही. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात ठामपणे मांडलं. केंद्राकडे गल्लोगल्ली फिरायला पोलीस नाहीत. अमली पदार्थांच्या बहुतेक अटका स्थानिक पोलीसच करतात. राज्याने आपली बंदी उठवली की केंद्राचा कायदा जागच्या जागी राहतो, पण तो राबवणारे हात जवळजवळ उरत नाहीत.

तरी केंद्राचा अधिकार संपत नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्येच रुग्णांसाठी गांजाला परवानगी दिली होती. तिथल्या अँजेल रेच या आजारी महिलेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, की घरच्या वापरासाठी घरीच लावलेल्या झाडावरही केंद्राला बंदी घालता येते. म्हणजे कोलोरॅडोतला दुकानदार राज्याचा परवाना भिंतीवर लावून बसतो, तेव्हा तो केंद्राच्या कृपेवर बसलेला असतो. ही कृपा बराच काळ एका पत्रावर टिकून होती. ऑगस्ट २०१३ मध्ये न्याय विभागाचे उपप्रमुख जेम्स कोल यांनी सरकारी वकिलांना कळवलं, की अल्पवयीनांना विक्री, टोळ्यांकडे पैसा, दुसऱ्या राज्यात माल जाणं असे आठ प्रकार राज्य रोखत असेल, तर तिथे लक्ष घालू नका. जानेवारी २०१८ मध्ये न्याय विभागाचे प्रमुख (ॲटर्नी जनरल) जेफ सेशन्स यांनी ते पत्र रद्द केलं. धाडसत्र सुरू झालं नाही, पण हजारो कोटींचा धंदा एका सहीने उघडा पडू शकतो हे सगळ्यांना दिसलं.

आपल्याकडची मांडणी याच्या उलट आहे. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, शेंडे. शेंडे सोबत नसलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांची भांग त्या कायद्याबाहेर राहते आणि तिचं काय करायचं ते राज्यं ठरवतात. वाराणसीत आणि जैसलमेरमध्ये सरकारमान्य भांगेची दुकानं आहेत, महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगेवर निर्बंध आहेत. आपल्या राज्यांना मिळालेली जागा केंद्रीय कायद्यानेच दिलेली आहे. अमेरिकी राज्यांनी ती केंद्राचा कायदा तसाच असताना स्वतः काढून घेतली.

त्याची किंमत दुकानदार भरतो

राज्याची सीमा ओलांडून माल नेला की तो थेट केंद्राचा गुन्हा. म्हणून प्रत्येक राज्याला आपला गांजा आपल्याच हद्दीत पिकवावा लागतो, तिथेच तपासावा लागतो आणि तिथेच विकावा लागतो. ओरेगॉनमध्ये हवामान चांगलं आणि परवाने सैल. २०१९ मध्ये तिथल्याच नियामक मंडळाने सांगितलं, की राज्यात खपतो त्याच्या दुप्पट माल पिकतो आहे. उरलेला कायदेशीर मार्गाने कुठेही पाठवता येत नाही. भाव कोसळले, शेतकरी बुडाले आणि काही माल चोरवाटांनी बाहेर गेला.

बँकांची अडचण वेगळीच आहे. बँका केंद्राच्या नियंत्रणाखाली येतात, त्यामुळे बऱ्याच बँका या धंद्याचं खातंच उघडत नाहीत. म्हणून रोकड, तिजोऱ्या, पहारेकरी आणि दरोडे.

सगळ्यात जास्त बोचतं ते आयकराचं कलम, २८०-ई. ते १९८२ मध्ये अमली पदार्थांच्या तस्करांसाठी केलं होतं. पहिल्या दोन अनुसूचींतल्या पदार्थाचा व्यापार करणाऱ्याला मालाची खरेदी किंमत वजा करता येते, बाकी खर्च वजा करता येत नाहीत. एक हिशोब करून पाहा. दुकानाची विक्री १०० डॉलर, माल ६० चा, भाडं आणि पगार ३० चे. हातात उरले १०. साध्या दुकानाला या १० वर २१ टक्के म्हणजे २ डॉलर १० सेंट केंद्रीय कर लागेल. गांजाच्या दुकानाला तो ४० वर लागतो, म्हणजे ८ डॉलर ४० सेंट. दहातले दीड डॉलर जेमतेम उरतात. पगार थोडा वाढला की तोटा, आणि तोट्यातही कर भरायचा. राज्याचे सगळे नियम पाळणाऱ्या माणसाला तस्करासाठी केलेलं कलम लागू करणं मला उघड अन्याय वाटतो.

यावर उपाय म्हणून गांजा तिसऱ्या अनुसूचीत हलवायची प्रक्रिया सुरू झाली. बायडेन यांच्या काळात, मे २०२४ मध्ये तसा प्रस्ताव निघाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ते काम लवकर उरकण्याचा आदेश काढला. तिसऱ्या अनुसूचीतल्या पदार्थाला २८०-ई लागत नाही, त्यामुळे कराचा फास सुटतो. पण तिसरी अनुसूची म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं. कोपऱ्यावरचं दुकान त्यानेही केंद्राच्या नजरेत कायदेशीर होत नाही.

आणखी एक बाजू फार कमी लोकांच्या लक्षात येते. कुठल्या पिकावर कोणतं कीटकनाशक किती चालेल हे अमेरिकेत केंद्रातली पर्यावरण संस्था ठरवते. गांजा केंद्राच्या लेखी पीकच नाही, म्हणून त्याची यादीही नाही. प्रत्येक राज्याला स्वतःची यादी बनवावी लागली, स्वतःच्या प्रयोगशाळांना मान्यता द्यावी लागली. त्यातही एक खोट आहे. प्रयोगशाळेचे पैसे माल बनवणाराच देतो. ज्या प्रयोगशाळेत टीएचसीचा आकडा मोठा येतो आणि माल नापास होत नाही, तिकडे गिऱ्हाईक वळतं. अनेक राज्यांत हा प्रकार उघडकीला आला आहे. नमुना कुणी काढायचा आणि तपासणाऱ्याला कुणी तपासायचं, हे कायद्यात पक्कं लिहिलेलं नसेल तर लेबलावरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

परवाने किती द्यायचे?

इथे राज्यांचे मार्ग एकदम फुटतात. ओक्लाहोमाने २०१८ मध्ये फक्त औषधी वापराला परवानगी दिली, पण परवान्याची फी अडीच हजार डॉलर आणि परवान्यांच्या संख्येला मर्यादा नाही. पाहता पाहता दोन हजारांवर दुकानं आणि हजारो शेतं उभी राहिली. त्यातली बरीच शेतं दुसऱ्याच्या नावावर परवाना काढून राज्याबाहेर माल पाठवायला वापरली गेली. २०२२ मध्ये नवे परवाने थांबवावे लागले. मार्च २०२३ मध्ये सर्वांसाठी गांजा खुला करायचा प्रस्ताव आला, तेव्हा त्याच मतदारांनी तो फेटाळला.

न्यूयॉर्कची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तिथला हेतू मला मनापासून पटतो. गांजाच्या अटका वर्षानुवर्षे झाल्या त्या मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांच्या. मार्च २०२१ मध्ये कायदा झाला आणि पुढच्या वर्षी राज्याच्या नियामकांनी ठरवलं, की ज्यांना या गुन्ह्यात शिक्षा झाली ते किंवा त्यांचे जवळचे नातेवाईक यांना दुकानाचे पहिले परवाने मिळावेत. ज्या बंदीने यांची उमेद मारली, ती उठल्यावर फायदा भलत्याच भांडवलदाराने न्यावा हे बरोबर नाही, हा विचार. पहिली विक्री २९ डिसेंबर २०२२ ला मॅनहॅटनमध्ये झाली.

पण योजना कागदावर जितकी न्याय्य होती तितकीच कोर्टात कच्ची ठरली. बाहेरच्या राज्यातल्या अर्जदारांनी दावा केला, म्हणून काही भागांतले परवाने अडले. मग २०२३ च्या ऑगस्टमध्ये अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांनी दावा केला. कायद्याने प्राधान्य आम्हालाही दिलं आहे, मग रांग एकाच गटाची का, हा त्यांचा मुद्दा. पुन्हा काही महिने सगळं ठप्प. परवाना हातात असलेली माणसं भाड्याने घेतलेल्या रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत राहिली. गांजा बाळगणं मात्र कायदेशीर झालंच होतं. त्या पोकळीत न्यूयॉर्क शहरात विनापरवाना दुकानांचं पेव फुटलं. त्यांना ना तपासणी, ना वयाची अट, ना कर. २०२४ मध्ये स्थानिक यंत्रणेला थेट कुलूप ठोकायचा अधिकार मिळाल्यावर काही महिन्यांत अशी हजारावर दुकानं बंद झाली.

एवढं होऊन जुलै २०२५ मध्ये आणखी एक प्रकार निघाला. शाळेपासून ५०० फुटांच्या आत दुकान नको असा कायदा. अधिकाऱ्यांनी अंतर मोजलं ते शाळेच्या दारापर्यंत. कायद्याप्रमाणे ते शाळेच्या आवाराच्या हद्दीपर्यंत मोजायला हवं होतं. दीडशेच्या आसपास दुकानदारांना आणि अर्जदारांना कळवण्यात आलं, की तुमची जागा नियमात बसत नाही. यातल्या कित्येकांनी आयुष्याची पुंजी त्या जागेत घातली होती आणि ती जागा सरकारनेच मंजूर केली होती.

कर किती लावायचा?

कोलोरॅडोत घाऊक मालावर १५ टक्के आणि किरकोळ विक्रीवर १५ टक्के कर आहे. त्यातला एक वाटा शाळांच्या इमारतींसाठी राखलेला आहे, आणि सार्वमत जिंकण्यात या तरतुदीचा मोठा हात होता. इलिनॉयने वेगळा विचार केला. टीएचसी ३५ टक्क्यांपर्यंत असेल तर १० टक्के कर, त्याहून तीव्र असेल तर २५ टक्के. जितकी जास्त नशा तितका जास्त कर, हे मला शहाणपणाचं वाटतं. दारूच्या बाबतीत अनेक देश हेच करतात.

कॅलिफोर्नियात मात्र करांचे थर चढले. १ जानेवारी २०१८ ला विक्री सुरू झाली तेव्हा १५ टक्के अबकारी कर, वर नेहमीचा विक्रीकर, वर शहराचा कर, आणि शेतकऱ्यावर वजनाप्रमाणे लागवड कर. हा शेवटचा सगळ्यात घातक ठरला. तो भावावर नव्हता, वजनावर होता. घाऊक भाव घसरत गेले आणि कर महागाईनुसार वाढत गेला. २०२२ मध्ये तो पाउंडाला १६१ डॉलर होता. जुलै २०२२ मध्ये तो काढून टाकला, तोवर असंख्य छोटे शेतकरी संपले होते. त्याची भरपाई म्हणून जुलै २०२५ मध्ये अबकारी कर १९ टक्के केला, ओरड झाली, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा १५ वर आणला. शिवाय निम्म्याहून अधिक शहरांनी आणि काउंट्यांनी (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांनी) आपल्या हद्दीत दुकानच नको असं ठरवलं आहे. ज्या गावात कायदेशीर दुकान नाही आणि शेजारच्या गावात आहे तिथे करांमुळे महाग, त्या गावात जुना विक्रेता टिकून राहतो. त्याच्याकडच्या मालात काय आहे हे कुणी तपासलेलं नसतं. २०१९ मध्ये व्हेपमुळे, म्हणजे काडतुसात भरलेल्या तेलाची वाफ ओढायच्या उपकरणामुळे, फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली, अमेरिकेत २,८०० च्या वर लोक रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. तपासात मुख्य संशय टीएचसीच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर आला, आणि ती काडतुसं बहुतांश अनधिकृत विक्रेत्यांकडची होती.

गाडी चालवण्याचा प्रश्न अजून कुणालाच नीट सोडवता आलेला नाही. दारूचं रक्तातलं प्रमाण आणि नशा यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो. टीएचसीचा बसत नाही. रोज घेणाऱ्याच्या रक्तात ते नशा उतरल्यावरही सापडतं, आणि नवख्याच्या रक्तातलं प्रमाण झपाट्याने खाली येतं, तरी तो भानावर नसतो. वॉशिंग्टन राज्याने मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅम ही थेट गुन्ह्याची रेषा ठेवली. कोलोरॅडोने तोच आकडा घेतला, पण आरोपीला तो खोडून काढायची मुभा दिली. मला दुसरा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

आणि राज्यांनी बांधलेल्या या सगळ्या कुंपणाला केंद्रानेच एक भगदाड पाडलं. २०१८ च्या शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (म्हणजे नेहमीचं टीएचसी) असलेलं झाड ‘हेम्प’ म्हणून मोकळं केलं. हेतू धाग्याचा, बियांचा होता. पण हेम्पपासून रासायनिक प्रक्रियेने डेल्टा-८ नावाचा नशा आणणारा भाऊबंद बनवता येतो. शिवाय गमी वजनाने जड असल्यामुळे तिच्यात १० मिलिग्रॅम टीएचसी असलं तरी टक्केवारी ०.३ च्या आतच राहते. ज्या राज्यांत गांजाला बंदी आहे तिथल्या पेट्रोल पंपांवरही अशा गम्या वयाची चौकशी न करता मिळू लागल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने वर्षभराची मुदत देऊन ही वाट बंद करणारा कायदा केला.

आपल्या माणसांसाठी

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींना हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व हे पूर्णपणे केंद्राचे विषय आहेत. तिथे केंद्राचा कायदा चालतो, कोलोरॅडोचा नाही. अधिकाऱ्यासमोर ‘मी गांजा घेतला होता’ असं कबूल केलं, तर कुठलाही गुन्हा सिद्ध झालेला नसताना देशात प्रवेश किंवा ग्रीन कार्ड नाकारलं जाऊ शकतं. राज्यात ते कायदेशीर होतं हा बचाव होत नाही. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व विभागाने मार्गदर्शक सूचना काढली, की राज्याच्या परवान्याने चालणाऱ्या गांजाच्या उद्योगात नोकरी करणंसुद्धा नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतं. तिसऱ्या अनुसूचीत गेल्यावरही गांजा नियंत्रित पदार्थच राहतो, त्यामुळे यात फरक पडत नाही.

डिस्पेन्सरीत, म्हणजे गांजाच्या परवानाधारक दुकानात, कॅशियर म्हणून उभं राहण्यापूर्वी, अशा कंपनीचं हिशोबाचं काम घेण्यापूर्वी, फोनमध्ये दुकानातले फोटो ठेवून विमानतळावरच्या तपासणीला जाण्यापूर्वी हे लक्षात ठेवा. प्रश्न विचारला गेलाच तर खोटं सांगू नका, खोटी माहिती हे प्रवेश नाकारण्याचं स्वतंत्र कारण आहे. अर्जातल्या अमली पदार्थांच्या रकान्यापाशी थांबा आणि तो भरायच्या आधी इमिग्रेशन वकिलाची वेळ घ्या.